हुरडा, पेव आणि फंड : सोलापूरच्या साठवणीची पार्श्वभूमी

पौषात आमच्याकडच्या ज्वारीच्या रानात आगट्या पेटतात. दाणा अजून चिकात असतो, काढणीला महिना-दीड महिना अवकाश असतो. तरीही शेतकरी स्वतःच्या हातानं कणसं खुडतो, गोवऱ्यांच्या आरावर भाजतो आणि तळहातावर चोळून गरम दाणे पाहुण्यांच्या पुढ्यात टाकतो. सोबत शेंगाची चटणी, गुळाचा खडा. हीच कणसं पिकू दिली असती तर पायली-दोन पायली धान्य हाती लागलं असतं, हा हिशेब त्या वेळी कुणी मांडत नाही. त्याच घरात मागे चुलीपाशी कडक भाकरीची चवड रचलेली असते. पातळ थापून, मंद आचेवर पापडासारखी वाळवलेली ही भाकरी महिना-महिना टिकते. हुरडा आज खायचा, कडक भाकरी पुढच्या महिन्यात. ज्वारी एकच, आणि दोन्ही करणारे हातही तेच.

आज जगायचं की उद्यासाठी ठेवायचं, हा प्रश्न हल्ली नोकरीला लागलेल्या मुलांना विचारला जातो आणि उत्तर म्हणून त्यांच्यापुढे एक तक्ता ठेवतात : इतके टक्के घरखर्च, इतके टक्के हौस, इतके टक्के गुंतवणूक. त्या तक्त्यात एक गोष्ट न बोलता धरलेली असते, की ठेवलेलं परत मिळतं. सोलापूरच्या कष्टकरी माणसाला ते सहसा धरून चालता आलं नाही. म्हणून इथल्या बचतीचा मागोवा घेताना काटकसर आणि उधळेपणा यांच्यापेक्षा मला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो : ठेव कुणाच्या कुलपात होती?

या गावाची सर्वांत जुनी ठेव पाण्याची आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तळं खोदून घेतलं, अशी इथली परंपरा सांगते. शहराच्या मधोमध असलेलं ते तळं आपण रोज बघतो. सिद्धरामेश्वर ज्यांच्यातले, त्या शरणांच्या म्हणजे लिंगायत संतांच्या विचारात दोन शब्द जोडीनं येतात, कायक आणि दासोह. कष्टानं मिळवायचं ते कायक. गरजेपुरतं ठेवून उरलेलं सगळ्यांसाठी द्यायचं तो दासोह. उद्याची तरतूद इथे एका घराची उरत नाही, गावाची होते. आणि त्याच सिद्धरामेश्वरांच्या नावानं संक्रांतीला यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, लागतो आणि वर्षभर हात आखडून वागणारी घरं त्या चार दिवसांत मोकळ्या हातानं खर्च करतात. तळं खोदणाऱ्याच्या नावानंच जत्रा भरते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दुसरी जुनी गोष्ट मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. मोठ्या दुष्काळात या अंमलदारानं बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं भुकेल्या लोकांना खुली केली आणि विठ्ठलानं विठू महाराच्या रूपात जाऊन त्या धान्याचे पैसे दरबारात भरले, ही कथा इथलं लहान मूलही सांगेल. कथेतला चमत्कार शेवटी येतो. सुरुवातीला आहे ती व्यवहारातली अडचण : गावात धान्य होतं, पिकवलं होतं ह्याच लोकांनी, पण किल्ली त्यांच्याकडे नव्हती.

शेतकऱ्याचं स्वतःचं कुलूप म्हणजे पेव. गावठाणातल्या पांढरीत खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा. आतून कडब्याचा आणि भुसकटाचा थर, मग ज्वारी, वर पुन्हा कडबा, आणि तोंड मातीनं लिंपून बंद. असं धान्य वर्षानुवर्षं राही. पेव उघडताना लगेच आत उतरायचं नसे, आतल्या कोंदट वाफेनं माणूस गुदमरे. आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. ‘पेव फुटलं’ हा शब्दप्रयोग आपण आज कशासाठीही वापरतो, पण त्यामागे असा एक लिंपलेला काळोख आणि त्यातून बाहेर येणारी दुष्काळातली भाकरी आहे.

इंग्रजी अमलात सारा रोखीत भरावा लागे, त्यासाठी धान्य सुगीतच विकावं लागे, आणि पेवात पडायचं ते सावकाराच्या वहीत जाऊ लागलं. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देण्यासाठी जो कायदा झाला, तो ज्या चार जिल्ह्यांना लागू केला त्यांत सोलापूर होतं. मधल्या काळात, १८७६ ते ७८, मोठा दुष्काळ पडून गेला होता. बऱ्याच घरांत ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

अशा वेळी भोंगा वाजला. रेल्वे १८६० साली आली होती. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी गिरणी, सुरू झाली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. दुष्काळानं रानातून उठवलेली माणसं आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर इथे वस्तीला आले. पावसावर चालणाऱ्या माणसाच्या हाती पहिल्यांदाच ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम पडू लागली. बेतानं खर्च करायचा म्हणजे काय, हे शिकवलं ते या तारखेनं. धान्य वर्षातून एकदा येतं, त्याचा बेत ऋतू ठरवतो. पगार दर महिन्याला येतो आणि त्याचा बेत माणसालाच ठरवावा लागतो.

गिरणी कामगारांवर एक जुना ठपका आहे : हातात पैसा आला की उडवतात, लग्नात कर्ज काढतात, गड्ड्यात खिसा रिकामा करतात. माझे आजोबा गिरणीत होते, त्यामुळे हा ठपका मला नेहमी लागतो. आमच्या घरी अजून एक आहेराची वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. आजीच्या सांगण्यावरून कुणीतरी शिकलेल्या पोरानं लिहिलेल्या नोंदी : ‘पितळी पातेलं’, ‘दोन रुपये’, ‘खण’. ज्यानं पातेलं दिलं त्याच्या घरी लग्न निघालं की पातेल्याहून थोडं जास्त न्यायचं, आणि नेलं की नावापुढे बारीक फुली. बाहेरून ही उधळपट्टी दिसते. पण चाळीत चाळीस घरं असली तर लग्नातला खर्च हा चाळीस ठिकाणी ठेवलेला पैसा होता. आजारपणात, टाळेबंदीत, मयतीत तो परत येई.

भिशीही याच विश्वासावर चालायची. गिरणीच्या एका खात्यातल्या वीस जणांनी महिन्याला पन्नास रुपये काढायचे, जमलेले हजार एकाला द्यायचे. चिठ्ठ्या तांब्यात टाकून लहान पोराला उचलायला लावायच्या. पण पोरीचं लग्न ठरलेला कुणी असला तर चिठ्ठी निघायच्या आधीच बाकीचे म्हणत, या महिन्याची त्याला जाऊ दे. ज्याला पहिली मिळाली त्याच्यासाठी ते कर्ज, ज्याला शेवटची मिळाली त्याच्यासाठी ती बचत. एकाची आजची गरज आणि दुसऱ्याचा उद्या, एका तांब्यात. मला बँकेच्या पुस्तकापेक्षा ही रचना अधिक शहाणी वाटते. पण भिशीवाला पळाला की ती कशी कोसळते, हेही चाळीनं पाहिलेलं आहे.

सरकारी पर्याय नव्हते असं नाही. पोस्टाची बचत बँक १८८२ पासून देशभर होती. १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ आलं, १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पण कामगाराच्या आयुष्यात खरा फरक पडला तो फंडानं. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये आला आणि सुरुवातीला ज्या सहा उद्योगांना लागू झाला त्यांत कापडधंदा होता. सुरुवातीचा दर सव्वासहा टक्के, मालकाचाही तेवढाच. हा आकडा विचित्र वाटतो, पण जुन्या नाण्यांत तो सरळ आहे : रुपयामागे एक आणा. पगार हातात पडायच्या आधीच तो आणा बाजूला निघे. माणसाला मोह आवरावा लागत नव्हता, आणि सावकाराला, पाहुण्याला किंवा स्वतःच्या मुलालाही तो सहज काढता येत नव्हता. ‘फंड’ हा शब्द चाळीत देवाच्या नावासारखा उच्चारला जाई.

तोवर सोलापूरनं कुलूप कसं फसतं हेही पाहिलेलं होतं. १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली. हजारो कामगार बसले. १९५० च्या जानेवारीत सरकारनं वटहुकूम काढून गिरणी ताब्यात घेतली आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नव्या राज्यघटनेखाली मालमत्तेच्या हक्काचा अर्थ लावणाऱ्या सुरुवातीच्या खटल्यांत त्याची गणना होते. १९५३ च्या निकालात तो वटहुकूम घटनेशी विसंगत ठरला. कायद्याच्या पुस्तकांत या खटल्यांना भागधारकांची नावं आहेत. ज्यांनी पैसे गुंतवले त्यांची मालमत्ता काय, यावर पानंच्या पानं खल झाला. ज्यांनी वीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, काढली त्यांनी गिरणीत काय ठेवलं होतं, हा प्रश्न त्या पानांत नाही.

नंतरच्या काळात एकेक करून गिरण्या थंडावल्या. आजोबांची गिरणी बंद झाली तेव्हा फंड मिळाला, बाकीचा हिशेब अनेक वर्षं अडकला. फंडाच्या रकमेतून त्यांनी पत्र्याच्या जागी स्लॅब टाकला आणि राहिलेले पैसे जास्त व्याज देणाऱ्या एका पतसंस्थेत ठेवले. पुढे तिथल्या ठेवी अडकल्या. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, १९६२ पासून आहे, आज ती मर्यादा पाच लाखांची आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नसतं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आयुष्यात नेमस्तपणे केलेली सगळ्यात मोठी बचत बुडाली आणि ज्या ‘उधळपट्टी’वर लोक बोट ठेवत, ते आहेर आत्याच्या लग्नात एकेक करून परत आले. ते पाहिल्यापासून काटकसरीवर कुणी व्याख्यान देऊ लागलं की माझ्या डोळ्यांपुढे ती लाल वही येते.

गिरणीचा पगार थांबला तेव्हा शहराच्या पूर्व भागातली कितीतरी घरं बायकांच्या विडीवर तरली. कारखान्याच्या शाखेतून पान-तंबाखू आणायचा, घरी बसून वळायच्या, दुसऱ्या दिवशी मोजून द्यायच्या, हजारामागे मजुरी. घरी बसून काम म्हणजे ती कामगारच नाही, असं मालकांचं म्हणणं. १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, १९७७ मध्ये विडीला फंड लागू झाला, तरी घरखाती बायकांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ मध्ये निकाल लागला की त्याही कामगार आहेत, त्यांनाही फंड आहे. गिरणीतल्या पुरुषाला १९५२ मध्ये जे मिळालं, ते तिच्या हाती पडायला तीन दशकांहून जास्त काळ गेला.

पण या बायकांनी ठेवीचं जे केलं तसं सोलापुरात दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं सोलापूरजवळच्या कुंभारीच्या माळावर कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्यासाठी सोलापुरात आले होते. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला, गड्ड्याच्याच दिवसांत, पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते दिली गेली. या योजनांत सरकारचा पैसा आहे, तसा या बायकांच्या हिश्शाचाही आहे, एकेक विडी मोजून साठवलेला.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी गेल्या वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी एका केंद्रावर गेल्या होत्या, मी सोबत होतो. पेन्शन हजाराच्या घरात. मशिनवर अंगठा ठेवला, उमटला नाही. चाळीस वर्षं पान दुमडून-दुमडून बोटांवरच्या रेषा गेलेल्या. तिथल्या मुलानं ओल्या फडक्यानं बोट पुसून पाहिलं, तर्जनी पाहिली, मधलं बोट पाहिलं. शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. विडी वळताना करंगळीला काम कमी असतं, असं मावशी म्हणाल्या. दाखला झाला. परत येताना त्यांनी रिक्षा होम मैदानाकडे वळवायला लावली, नातीसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या आणि दुकानदारानं सांगितलेल्या भावात दोन रुपयेही कमी केले नाहीत.