खणाच्या उशा, घोंगडीचा रग आणि फिरस्ते डिझायनर

हल्ली कोल्हापुरात नवीन फ्लॅटचं इंटिरियर म्हटलं की डिझायनर खणाची कुशन कव्हरं नाहीतर घोंगडीचा रग दाखवणारच, आणि वर 'प्रवासातून सुचलं, कारागिरांकडून करून घेतलं' हेही ऐकवणार. फॅड कालपरवाचं वाटतं, पण याची सुरुवात बघायची तर सत्तर वर्षं मागं जावं लागतं, तेही थेट न्यूयॉर्कला.

अलेक्झांडर गिरार्ड म्हणून एक अमेरिकन डिझायनर होता, वाढलेला इटलीत, फ्लॉरेन्सला. १९५२ पासून हर्मन मिलर या फर्निचर कंपनीचा कापड विभाग त्याच्याकडं. जाईल तिथली खेळणी, बाहुल्या, कापडं गोळा करायची सवय, आणि ती इतकी की पुढं १९७८ मध्ये लाखभर वस्तू सांता फेच्या लोककला म्युझियमला देऊन टाकल्या. तर १९५५ ला न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भारतीय कापड आणि दागिन्यांचं प्रदर्शन भरलं, त्याची मांडणी यानं केली, अगदी बाजार भरल्यासारखी. तिथंच आपल्या हातमाग-हस्तकलेसाठी झटणाऱ्या पुपुल जयकर आणि अमेरिकन डिझायनर चार्ल्स ईम्स यांची गाठ पडली, मग १९५८ चा ईम्स दांपत्याचा तो प्रसिद्ध 'इंडिया रिपोर्ट' ज्यात आपल्या साध्या लोट्याचं तोंड भरून कौतुक आहे, आणि त्यातूनच १९६१ ला अहमदाबादची एनआयडी, म्हणजे डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था.

पण माझ्या मते घराघरात कापड पोचवलं ते जॉन बिसेल या अमेरिकनानं. फोर्ड फाउंडेशनतर्फे १९५८ ला हातमागावर सल्ला द्यायला आला आणि १९६० ला फॅबइंडिया काढून बसला. धंदा एक्सपोर्टचा. सतरंज्या, पडद्याचं कापड सगळं बाहेर, लंडनचं हॅबिटॅट हे घरसामानाचं दुकान मोठं गिऱ्हाईक. दिल्लीत स्वतःचं दुकान झालं तेच मुळी १९७६ ला, म्हणजे आपल्याच मागाचं कापड आपल्या हॉलच्या आधी परदेशी हॉलमध्ये जाऊन बसलेलं.

खरी गोम पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत आहे. खण विणला जायचा चोळीसाठी, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डकडचे विणकर त्याच मापानं विणत आले, अंबाबाईच्या ओटीत घडी घालून ठेवतो तेवढाच तो. उशीला मस्त बसतो पण पडद्याला जोड द्यावा लागतो आणि तो जोड लपत नाही. घोंगडीचं दुखणं वेगळं. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, सणगर विणकरांचा माग, वर चिंचोक्याची खळ, त्यामुळं नवी घोंगडी कडक आणि टोचरी असते, सोफ्यावर टाकून लगेच पाहुणे बसवाल तर चुळबुळ करत उठतील. हिंडून नजर येते हे मान्य, पण मागावर बसून माप बदलून घेणं, रंग दर खेपेला तोच येईल हे बघणं, हे चिवट काम आहे आणि ते फोटोत दिसत नाही.

कारागिरांच्या नावाचं, श्रेयाचं विचाराल तर कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय, म्हणजे मूळ गावाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण मिळालं तरी २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानला तसलीच चप्पल नाव न घेता रॅम्पवर आणली, बोंब झाल्यावर मग मूळ कबूल केलं. कुशन, पडद्यांसाठी एवढी बोंब कोण मारणार? बाजारात 'खणाचे पडदे' म्हणून जे विकतात ते बहुतेक पॉवरलूमवरचं पॉलिस्टर मिक्स असतं, पन्हा मोठा, जोड नाही, भावही कमी, त्यामुळं डिझायनरही तेच लावून मोकळा होतो.