मायक्रोकंट्रोलर आणि वायरीच्या मध्ये चिप कशाला?

इंटेलच्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरमध्ये (एकाच चिपवरच्या छोट्या संगणकात) सिरियल पोर्ट, म्हणजे एकेक बिट ओळीने पाठवायची सोय, १९८० पासून आहे. १० नंबरच्या पिनवर डेटा येतो, ११ वरून बाहेर जातो. तरी त्या दोन पिनांपुढे आणखी एक चिप बसवावी लागते, कारण समोरच्या वायरीचे नियम मायक्रोकंट्रोलर जन्माला यायच्या आधीच ठरले होते.

आरएस-२३२ हे मानक १९६० चं, मोडेम जोडण्यासाठी केलेलं. त्यात '१' म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि '०' म्हणजे अधिक ३ ते १५. पाच व्होल्टवर चालणाऱ्या चिपला हे सगळंच उलटं. मोटोरोलाची १४८८ आणि १४८९ ही जोडी हे भाषांतर करायची, पण १४८८ ला अधिक-उणे १२ व्होल्टचा वेगळा सप्लाय लागे. म्हणजे एका सिरियल पोर्टपायी पॉवर सप्लाय दुप्पट गुंतागुंतीचा!

१९८७ च्या सुमारास मॅक्सिम कंपनीच्या मॅक्स२३२ ने हा त्रास संपवला. बाहेर १ मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर लावले की ही चिप ५ व्होल्टचेच जवळपास १० करते आणि मग त्यांचेच उणे १०. आपल्याकडच्या डिप्लोमाच्या पोरांनी ब्रेडबोर्डवर निदान एक तरी कपॅसिटर उलटा लावलेला असतोच.

आरएस-२३२ लांब जात नाही, आणि दोनच उपकरणं जोडतं. १९८३ चं आरएस-४८५ हे मानक ए आणि बी या दोन वायरींमधल्या व्होल्टेजचा फरक वाचतं. २०० मिलिव्होल्ट पुरतात, कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जाता येतं, एका जोडीवर प्रमाणित भाराची ३२ उपकरणं बसतात. यासाठीची ७५१७६ किंवा मॅक्स४८५ ही आठ पायांची चिप नुसत्या ५ व्होल्टवर चालते.

डोकेदुखी मात्र प्रोग्रॅमरकडे आली. वायर सामायिक, म्हणून बोलून झालं की ती सोडायची. त्यासाठी या चिपच्या डीई (पाठवणं चालू-बंद) आणि आरई (ऐकणं चालू-बंद) या पिना एकत्र करून मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनला जोडतात. ८०५१ चा टीआय फ्लॅग, म्हणजे 'बाइट पाठवला' ही खूण, बाइटच्या शेवटचा स्टॉप बिट सुरू होतानाच लागतो. तो पाहून लगेच डीई खाली आणली, तर ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) १०४ मायक्रोसेकंदांचा तो बिट अर्ध्यातच तुटतो. कोणी बोलत नसताना वायरी ठरलेल्या स्थितीत धरणारे बायस रेझिस्टर नसतील तर शेवटचा बाइट कधी नीट पोचतो, कधी नाही, आणि दोष केबलवर जातो. नंतरच्या अनेक मायक्रोकंट्रोलरांमध्ये, उदाहरणार्थ बऱ्याच एसटीएम३२ मध्ये, डीई सांभाळायचं काम हार्डवेअरकडेच दिलं आहे.