अंतरानुसार रस्ताकर

अंतरानुसार रस्ताकर : वाहन सार्वजनिक रस्त्यांवर जितके किलोमीटर किंवा मैल धावेल, त्या हिशेबाने मालकाकडून घेतला जाणारा कर. टोल ठरावीक रस्त्यापुरता किंवा पुलापुरता असतो. वार्षिक वाहनकर गाडी वर्षभर दारात उभी राहिली तरी चुकत नाही. हा कर मात्र गाडीचा काटा फिरेल तसा वाढतो. गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागात शिरल्याबद्दल घेतले जाणारे शुल्क हे वेगळे प्रकरण आहे. वादात मात्र दोन्हींची सर्रास गल्लत होते.

रस्ता जो जितका झिजवतो त्याने तितके पैसे भरावेत, हा विचार जुनाच आहे. गाड्यांनी वजनाच्या प्रमाणात टोल भरला तर झिजेचा खर्च आपोआप योग्य माणसाकडून वसूल होतो, असे ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच मांडले होते. मोटारी आल्यावर यासाठी एक सोपी वाट सापडली, ती म्हणजे इंधनावरचा कर. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने १९१९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे एक सेंट कर बसवला. रस्त्यांसाठी असा कर लावणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य. जो जास्त फिरतो तो जास्त पेट्रोल जाळतो, आणि अवजड गाडी पेट्रोलही जास्त पिते. त्यामुळे बऱ्यापैकी न्याय होतो. वसुली मूठभर घाऊक विक्रेत्यांकडून होत असल्याने तिचा खर्चही नगण्य. आणि सरकारच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे टाकी भरताना आपण कर भरतो आहोत, हे कोणाच्या फारसे ध्यानातही येत नाही.

ही घडी दोन कारणांनी विस्कटली. इंजिने काटकसरी झाली, पण कराचे दर वाढवायला राजकारणी धजावेनात. अमेरिकेचा केंद्रीय पेट्रोलकर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंट या आकड्यावर थांबला आहे. महागाईने त्याची किंमत घटत गेली आणि २००८ पासून तेथील महामार्ग निधीला सर्वसाधारण तिजोरीतून वारंवार ठिगळे लावावी लागत आहेत. त्यातच विजेवरच्या गाड्या आल्या. त्या पंपावर जातच नाहीत, मग इंधनकर कसला भरणार?

या प्रश्नाला अमेरिकेत प्रथम हात घातला तो पुन्हा ऑरेगननेच. २००१ मध्ये अभ्यासगट नेमला गेला, मग दोन चाचण्या झाल्या आणि १ जुलै २०१५ पासून ‘ऑरेगो’ ही ऐच्छिक योजना सुरू झाली. दर मैलाला दीड सेंट आणि भरलेल्या पेट्रोलकराची वजावट, असे तिचे स्वरूप. त्या वेळी राज्याचा पेट्रोलकर गॅलनमागे ३० सेंट होता. म्हणजे गॅलनला २० मैल जाणाऱ्या गाडीला दोन्ही कर सारखेच पडत. आता १०० मैलांचा हिशेब करून पाहा. गॅलनला ४० मैल देणाऱ्या गाडीचा पेट्रोलकर ७५ सेंट होई, नव्या पद्धतीत दीड डॉलर. गॅलनला दहाच मैल देणाऱ्या धुडाचा पेट्रोलकर तीन डॉलर, नव्या पद्धतीत त्यालाही दीडच डॉलर. काटकसरी गाडीवाल्याला भुर्दंड आणि पेट्रोलपिऊ गाडीवाल्याला सूट! सरसकट एकच दर ठेवला की असेच होणार. समर्थक हा मुद्दा झटकन ओलांडून जातात. विजेच्या गाड्यांनी काहीच न भरण्यापेक्षा हे बरे, हे त्यांचे उत्तर खरे आहे, पण ते अर्धेच उत्तर आहे.

दीर्घ अनुभव आहे तो न्यूझीलंडचा. तेथे डिझेलवर पंपावर रस्त्यांसाठीचा कर नाही, कारण बरेचसे डिझेल शेतीत आणि बोटींत जळते. त्याऐवजी १९७७ चा कायदा करून पुढच्याच वर्षापासून डिझेल वाहनांना अंतरावर आकारणी लागू झाली. पद्धत अगदी साधी आहे. मालक १,००० किलोमीटरच्या पटीत अंतर आगाऊ विकत घेतो. मिळालेल्या परवान्यावर काट्याचा सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा छापलेला असतो आणि तो समोरच्या काचेला लावायचा. काटा शेवटच्या आकड्यापुढे गेला की गाडी बिनपरवान्याची. अवजड वाहनांच्या चाकाच्या तुंब्यावर वेगळे अंतरमापक बसवतात. १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या गाड्याही या पद्धतीत आल्या आणि त्यांना १,००० किलोमीटरना ७६ न्यूझीलंड डॉलर हा हलक्या डिझेल गाड्यांचाच दर लागू झाला. चार्जिंगच्या हायब्रिड गाड्या, म्हणजे वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या, पेट्रोलवर कर भरतातच, म्हणून त्यांना ३८ डॉलर. उपग्रहाने गाडीची जागा टिपल्यावाचून अंतरावर कर घेता येत नाही, ही समजूत खोडायला हे एवढे उदाहरण पुरेसे आहे.

मालट्रकांच्या बाबतीत अंतरासोबत वजन मोजणे अपरिहार्य ठरते. इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचण्यांतून एक ढोबळ नियम निघाला : आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी सुमारे सोळापट होते. झिजेपुरते बोलायचे तर मोटारगाडी ट्रकच्या खिजगणतीतही नाही. ऑरेगन १९४७ पासून ट्रकांकडून वजन आणि मैल यांच्या हिशेबाने कर घेते. स्वित्झर्लंडने २००१ पासून साडेतीन टनांवरील मालवाहनांना देशातील सर्व रस्त्यांवर अंतर, वजन आणि प्रदूषणाचा वर्ग पाहून आकार लावला. त्यातला मोठा वाटा आल्प्सखालच्या रेल्वे बोगद्यांकडे वळवला. जर्मनीची उपग्रहाधारित ट्रक-आकारणी २००३ मध्ये सुरू व्हायची होती. यंत्रणेने दगा दिल्याने ती जानेवारी २००५ पर्यंत रखडली.

खाजगी मोटारींपर्यंत हा कर आणायचे प्रयत्न मात्र बहुतेक ठिकाणी आपटले. ब्रिटनमध्ये २००७ साली रस्ता-आकारणीविरुद्धच्या ऑनलाइन अर्जावर सुमारे १८ लाख सह्या झाल्या आणि सरकारने विषय गुंडाळला. नेदरलँड्सचे विधेयक २०१० मध्ये मंत्रिमंडळाबरोबरच पडले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२१ पासून विजेच्या गाड्यांना किलोमीटरमागे अडीच सेंट आकार लावला. तो राज्यघटनेनुसार केवळ संघराज्यालाच लावता येणारा उत्पादनकर ठरतो, असा निर्णय देत ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने (देशातील सर्वांत वरच्या न्यायालयाचे तेथील नाव) ऑक्टोबर २०२३ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी कायदाच रद्द केला.

विरोधाचे पहिले कारण पाळत. गाडी कुठे, केव्हा गेली याची नोंद सरकारदरबारी साठणार, ही भीती निराधार नाही. काट्यावरचा आकडा वाचून कर घेतला तर ती उरत नाही. पण मग राज्याबाहेर किंवा खाजगी रस्त्यावर झालेले अंतर वगळता येत नाही आणि काटा मागे फिरवणाऱ्यांवर नजर ठेवावी लागते. ऑरेगनने म्हणूनच दोन्ही पर्याय ठेवले : स्थाननोंद करणारे यंत्र घेतले तर राज्याबाहेरचे मैल वजा, न घेतले तर सगळे मैल हिशेबात. दुसरी तक्रार खेड्यांतून येते, कारण तिथे दवाखाना आणि बाजार दोन्ही लांब. ही माणसे लांब अंतरामुळे आजही जास्त इंधनकर भरतच असतात, तेव्हा हा आक्षेप वाटतो तितका वजनदार नाही. वसुलीचा खर्च हा त्याहून अवघड मुद्दा. मूठभर घाऊक विक्रेत्यांच्या जागी लाखो खातेदार येतात आणि त्यांतला प्रत्येक जण बिल हातात पडल्यावर प्रश्न विचारतो.

तरीही अलीकडे गाडे पुढे सरकले आहे. आइसलँडने जानेवारी २०२४ पासून विजेच्या गाड्यांना किलोमीटरमागे सहा क्रोना लावले. हवाई राज्याने २०२३ च्या कायद्याने विजेच्या गाड्यांना टप्प्याटप्प्याने हा आकार सक्तीचा करायचे ठरवले. आणि २००७ मध्ये माघार घेतलेल्या ब्रिटनने नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात, एप्रिल २०२८ पासून विजेच्या मोटारींवर मैलाला तीन पेन्स आणि चार्जिंगच्या हायब्रिड गाड्यांवर दीड पेन्स आकारण्याची घोषणा केली.