पखवाज थांबला तर? काउआई बेटाच्या वीज सोसायटीची गोष्ट

सोलरवर वीज म्हटलं की सगळे ढगांची आणि रात्रीची चिंता करतात, पण खरी अवघड गोष्ट वेगळीच आहे आणि ती हवाईच्या काउआई बेटावर मस्त बघायला मिळते. तिथली वीज ग्राहकांच्याच सोसायटीची. २००२ मध्ये लोकांनी मिळून २१.५ कोटी डॉलरला बेटाची वीज यंत्रणा विकत घेतली (आपल्या श्रीरामपूरकडची मुळा-प्रवरा आठवा, त्याच जातीची संस्था). संचालक सभासदच निवडतात, म्हणजे तेल महागलं की बिल कोणाचं वाढतं हे निर्णय घेणाऱ्यांना नीट माहीत असतं. तेव्हा बहुतेक वीज बोटीने आणलेल्या तेलाची, आज निम्म्याहून जास्त सोलर, हायड्रो, बायोमासची. आणि २०१९ पासून भर उन्हात कधीकधी तासन्‌तास तेल शून्य!

मग अवघड काय? तर ठेका. ग्रिडमधली (सगळ्या वीज यंत्रणेच्या जाळ्यातली) वीज सेकंदाला ठरावीक वेळा मागेपुढे होते, ती तिची फ्रिक्वेन्सी. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, आपल्याकडे ५०, आणि ती जवळपास हलताच कामा नये. जुन्या जनरेटरचा रोटर प्रचंड जड, पायडल सोडलं तरी शिलाई मशीनचं चाक थोडं फिरत राहतं ना, तसा तो एकदम मंदावत नाही आणि तेवढ्यात बाकीचे जनरेटर सावरून घेतात. सोलरमध्ये फिरणारं काहीच नाही. त्याचा साधा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज ग्रिडच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) म्हणजे भजनातला टाळकरी, पखवाज देईल तो ठेका धरणार. पण पखवाजच थांबला तर?

नोव्हेंबर २०२१ मध्ये पहाटे तेच झालं. बेटाची सुमारे ६०% वीज देणारा एकच तेलाचा जनरेटर अचानक ट्रिप झाला. बॅटऱ्या लगेच धावल्या म्हणून अख्खं बेट अंधारात गेलं नाही, पण ग्रिड सेकंदाला १८-२० वेळा थरथरायला लागला. नंतर डेटा तपासला तर ठेका ऐकून चालणारे इन्व्हर्टरच ती थरथर वाढवत होते आणि स्वतः ठेका धरणारे, म्हणजे ग्रिड फॉर्मिंगवाले, ती शांत करत होते. मग सेटिंग बदलली, फॉर्मिंगवाले वाढवले. २०२३ मध्ये पुन्हा मोठा जनरेटर बंद पडला, तेव्हा तशी थरथर झालीच नाही.

मला सगळ्यात आवडतं ते तिथलं कपाया पॉवर स्टेशन. टर्बाइनला क्लच आहे, सोलर भरपूर असलं की टर्बाइन सोडवतात आणि जनरेटर नुसता ग्रिडच्या विजेवर फिरत ठेवतात, तेलाचा थेंब न जाळता, फक्त त्या जड चाकासाठी.