वामकुक्षीचा अंदाज

जुलैत गुहागरला लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही. परवा शेजारचा मुलगा लॅपटॉप घेऊन ओटीवर आला. "काका, काहीच चालू नाही, तरी बॅटरी उतरते कशी?"

प्रश्न रास्त आहे. काम नसलं म्हणून प्रोसेसर आपोआप गाढ झोपत नाही. त्याला किती गाढ झोपवायचं, हे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, ठरवतो.

आमच्या पेठेतला दुकानदार दुपारी गिऱ्हाईक थांबलं की गल्ल्यावरच डोळे मिटतो, नाहीतर फळ्या लावून घरी आडवा होतो. घरची झोप चांगली, पण पाच मिनिटांत गिऱ्हाईक आलं तर फळ्या लावण्या-काढण्याचे श्रम फुकट. प्रोसेसरचंही तसंच. हलक्या झोपेत नुसतं क्लॉक, म्हणजे प्रोसेसरला ताल देणारा ठोका, थांबतं, जाग एक-दोन मायक्रोसेकंदांत येते. गाढ झोपेत कॅशमधला, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या मेमरीतला, मजकूर बाहेर काढून वीजच तोडतात. त्यातून उठायला शेकडो मायक्रोसेकंद लागू शकतात, शिवाय या ने-आणीत ऊर्जा जाते. म्हणून झोपेच्या प्रत्येक पायरीला किमान मुदत ठरलेली असते. त्याआधी उठवलं तर निव्वळ तोटा.

मुदत भरेल की नाही, हा सगळा अंदाजाचा खेळ! पुढचा टायमर कधी वाजणार हे कर्नेलला ठाऊक असतं. कळ दाबली जाणं, नेटवर्कचं पॅकेट येणं, ही मात्र न सांगता येणारी गिऱ्हाइकं. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्ये हा अंदाज बांधणाऱ्या भागाला गव्हर्नर म्हणतात. त्यातला 'मेन्यू' गव्हर्नर मागच्या 8 झोपांत काही ठेका दिसतो का ते पाहतो आणि टायमरच्या वेळेला कात्री लावतो. 2019 मध्ये राफाएल विसोत्स्की यांनी 'टीईओ' हा दुसरा गव्हर्नर आणला. त्याचा भर टायमरवर अधिक.

लिनक्सच्या कर्नेलमध्ये दहा ओळींचा पॅचही, म्हणजे कोडमधला बदलही, सहज स्वीकारत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कुठल्या यंत्रावर किती वॅट वाचले, प्रतिसाद मंदावला का, हे मोजून दाखवावं लागतं. खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहून स्वतःचं नाव घालावं लागतं. लॅपटॉपला मानवलेला बदल सर्व्हरला बाधू शकतो, म्हणून दुसरी, तिसरी आवृत्ती पाठवावी लागते. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि ईमेल एवढ्या सामग्रीवर रत्नागिरीतला विद्यार्थीही हे करू शकतो.

'बॅटरी दुप्पट' म्हणवणाऱ्या ॲपांवर मात्र विश्वास ठेवू नका. झोपेची पायरी निवडणं साध्या ॲपच्या हातात नसतंच. उलट पाठीमागे चालू राहून तीच प्रोसेसरला उठवत राहतात.

मुलाच्या लॅपटॉपवर, प्रोसेसर किती वेळा जागा होतो ते दाखवणारं पॉवरटॉप चालवलं. सेकंदाला शेकडो वेळा जाग! ब्राउझरमध्ये क्रिकेटच्या स्कोअरचा एक टॅब मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उघडाच राहिला होता. तो बंद केला आणि आकडा झपाट्याने खाली आला.