बर्नाडेट डेव्हलिन मॅकॲलिस्की

(२३ एप्रिल १९४७– ). उत्तर आयर्लंडमधील नागरी हक्क चळवळीच्या नेत्या, समाजवादी कार्यकर्त्या व ब्रिटिश संसदेच्या माजी सदस्य. टिरोन परगण्यातील कुक्सटाऊन येथे एका कॅथलिक सुताराच्या घरी जन्म. त्या नऊ वर्षांच्या असताना वडील वारले आणि घर सरकारी मदतीवर चालू लागले. पुढे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात मानसशास्त्र शिकत असताना त्या चळवळीत आल्या.

त्या काळी तेथील स्थानिक निवडणुकांत मताचा हक्क घरपट्टी भरणारा कुटुंबप्रमुख व त्याचा जोडीदार यांच्यापुरताच होता. सार्वजनिक घरांचे वाटप बहुतांशी युनियनिस्टांच्या (ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणाऱ्या, मुख्यतः प्रॉटेस्टंट गटाच्या) ताब्यातील मंडळे करीत. कॅथलिक कुटुंबाला घर नाकारले की त्याचे मतही परस्पर बुडे. घर आणि मत या मागण्या एकाच फलकावर आल्या त्या यामुळे. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी डेरी शहरातील मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्यानंतर चारच दिवसांनी विद्यार्थ्यांनी ‘पीपल्स डेमोक्रसी’ ही संघटना उभारली. जानेवारी १९६९ मध्ये बेलफास्टहून डेरीकडे पायी निघालेल्या तिच्या मोर्चावर बर्नटॉलेट पुलाजवळ दगडफेक झाली. डेव्हलिन त्या मोर्चात होत्या.

१७ एप्रिल १९६९ रोजी मिड अल्स्टरची पोटनिवडणूक त्यांनी ४,२११ मतांनी जिंकली, तेव्हा त्यांचे वय २१ होते. ‘निवडून यायचे, पण लंडनला जाऊन बसायचे नाही’ ही आयरिश राष्ट्रवाद्यांची जुनी रीत त्यांनी मोडली आणि पाचव्या दिवशी सभागृहात भाषण केले. रस्त्यावरची चळवळ मात्र सुटली नाही. ऑगस्टमध्ये डेरीच्या बॉगसाइड वस्तीत पोलिसांशी चकमकी झडल्या, तेव्हा खासदारबाई फरसबंदीचे दगड फोडून देताना दिसल्या. दंगलीस चिथावणी दिल्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. १९७० मध्ये पुन्हा निवडून येताच त्या आर्मा तुरुंगात गेल्या. न्यूयॉर्कच्या महापौरांनी सन्मानार्थ दिलेली शहराची किल्ली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढाऊ ब्लॅक पँथर पक्षाकडे पाठवून दिली, यावरून त्यांचा पिंड ध्यानात यावा.

३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत लष्कराच्या गोळीबारात १३ निःशस्त्र लोक जागीच ठार झाले. डेव्हलिन तेथे हजर होत्या. दुसऱ्या दिवशी सभागृहात गृहमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी सैनिकांनी स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडल्याचे सांगितले. प्रत्यक्षदर्शी असूनही डेव्हलिन यांना सभापतींनी बोलू दिले नाही. त्या बाक ओलांडून गेल्या आणि मॉडलिंग यांच्या थोबाडीत मारली. त्यांची कारकीर्द अनेकांना तेवढ्यावरच आठवते, हे काहीसे अन्यायाचे आहे.

१९७१ मध्ये लग्नाआधी मूल झाल्याने सनातनी कॅथलिक मतदार दुरावले होते. फेब्रुवारी १९७४ मध्ये राष्ट्रवादी मते फुटली आणि जागा गेली. त्याच वर्षी त्या आयरिश रिपब्लिकन सोशलिस्ट पक्षाच्या स्थापनेत होत्या. पण तेथेही फार काळ रमल्या नाहीत. १६ जानेवारी १९८१ रोजी कोलआयलंडजवळच्या घरात घुसून लॉयलिस्ट (ब्रिटननिष्ठ) बंदूकधाऱ्यांनी त्यांच्यावर व पती मायकेल यांच्यावर मुलांच्या देखत गोळ्या झाडल्या. लष्कराची गस्त घराजवळच होती, तरी हल्लेखोर आत पोहोचले कसे, हा वाद मिटलेला नाही. दोघेही बचावले. त्याच वर्षी राजकीय कैद्यांचा दर्जा मागत तुरुंगात उपोषण करणाऱ्या आयरिश कैद्यांच्या बाजूने त्या पुन्हा सभा घेत हिंडल्या.

सर्वांत तरुण महिला खासदार हा त्यांचा विक्रम १९७४ नंतर त्या कधीच खासदार नसतानाही ४६ वर्षे टिकला. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधील २० वर्षांच्या विद्यार्थिनीने तो मोडला. १९९७ पासून डंगॅनन येथील ‘स्टेप’ या संस्थेत त्या काम करू लागल्या. मांस कारखान्यांतून राबणाऱ्या परदेशी मजुरांची गाऱ्हाणी तेथे येतात. त्यांतली पुष्कळशी घराचीच असतात.