शून्य सावली दिवस

मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर, म्हणजे खस्वस्तिकावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशीच लपते, तो दिवस. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक ठिकाणी असे दिवस वर्षातून दोनदा येतात. खुद्द या वृत्तांवर एकदाच, आणि त्यांच्या पलीकडे कधीच नाही. सगळा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथल्या प्रत्येक गावाच्या वाट्याला दोन दिवस आहेत. दिल्लीत मात्र २१ जूनलाही मध्यान्हीचा सूर्य माथ्यापासून पाच अंश दक्षिणेलाच राहतो.

‘रोज दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो’ ही समजूत पक्की रुजलेली आहे. तिच्यात दिवसही चुकतो आणि वेळही.

आधी दिवस. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे विषुववृत्तापासूनचे सूर्याचे कोनीय अंतर, म्हणजे क्रांती, वर्षभर बदलत राहते. ही क्रांती आणि गावाचा अक्षांश जुळले की सावली नाहीशी होते. एरवी ती मध्यान्हीही असते, आणि चांगली लांब असते : २२ डिसेंबरला पुण्यात एक मीटर उंचीच्या काठीची सावली ९० सेंमी भरते. उत्तरायणात हा योग दक्षिणेकडून वर सरकतो. पणजीला २-३ मे, कोल्हापूरला ६-७ मे, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे, नाशिकला २० मेच्या आसपास, नागपूरला २६ मेच्या सुमारास आणि सातपुड्यातल्या राज्याच्या उत्तर टोकाला जूनच्या अगदी सुरुवातीला. मेच्या मध्यावर क्रांती रोज सुमारे पाव अंशाने वाढते, म्हणजे हा योग दिवसाला २६ किमीच्या आसपास उत्तरेकडे जातो. पुढे त्याचा वेग मंदावतो. परतीच्या वाटेवर नागपूरला १७ जुलै, मुंबईला २७-२८ जुलै, पुण्याला २९-३० जुलै आणि पणजीला १० ऑगस्टच्या सुमारास तो पुन्हा येतो. या दुसऱ्या फेरीवर फारशी भिस्त ठेवू नये. ऐन पावसाळ्यात सूर्यच दिसत नाही.

या दोन तारखांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो. २१ जूनला पुण्यात मीटरभर काठीची सावली साडेआठ सेंमी पडते, पण दक्षिणेकडे. उत्तरेकडच्या खिडकीत दुपारी ऊन येऊ शकते ते याच दिवसांत.

आता वेळ. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. मुंबई त्याच्या साडेनऊ अंशांहून अधिक पश्चिमेला असल्याने तिथे सूर्य मध्यावर यायला सरासरी साडेअडतीस मिनिटे जादा लागतात. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून सूर्य घड्याळाशी काटेकोर जुळत नाही. हा फरक फेब्रुवारीत १४ मिनिटे मागे तर नोव्हेंबरच्या आरंभी १६ मिनिटे पुढे असतो. त्यामुळे मुंबईचे खरे मध्यान्ह वर्षभरात साधारण १२.२२ ते १२.५३ यांच्या दरम्यान फिरते आणि बाराला कधीच होत नाही. शून्य सावलीची वेळ मुंबईत मे महिन्यात १२.३५ व जुलैत १२.४५, पुण्यात १२.३१ व १२.४१, नागपुरात १२.१० व १२.२० अशी येते.

निरीक्षणासाठी सरळ, वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची वस्तू घ्यावी : पीव्हीसी पाइपचा काटकोनात कापलेला तुकडा उत्तम. वर रुंद असलेली वस्तू, छत्री किंवा माणूस, आपल्या खाली सावली पाडणारच. ती ‘नाहीशी’ झाली नाही म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही. गच्चीवर पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, म्हणून फरशीवर विसंबू नये. पाट किंवा फळी पाणसळीने समतल करावी, पाइप ओळंब्यात आहे का ते दोन बाजूंनी पाहावे. एक अंशाचा कल राहिला तर मीटरभर पाइपची पावणेदोन सेंमी सावली उरते, आणि बहुतेक फसलेल्या प्रयोगांचे मूळ इथेच असते. उशीरही तितकाच महागात पडतो, कारण चार मिनिटांत सूर्य जवळपास एक अंश सरकतो. खुणा करायला निदान पंधरा मिनिटे आधी सुरुवात करावी. सूर्याकडे मान वर करून पाहू नये; सगळे काम जमिनीकडे पाहूनच होते.

तारीख एका दिवसाने चुकली तरी फारसे बिघडत नाही. सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची चकती आहे, त्यामुळे नेमक्या क्षणीही मीटरभर पाइपभोवती चार-पाच मिलिमीटरची अंधूक उपछाया राहतेच. आदल्या किंवा दुसऱ्या दिवसाची चूक तेवढीच भरते.

याच सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढता येतो. इ. स. पू. तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधील सायीन (आजचे आस्वान) आणि अलेक्झांड्रिया या शहरांतील मध्यान्हींच्या कोनांतला फरक वर्तुळाचा पन्नासावा भाग धरला होता. आपल्याकडे पुणे-पणजी ही जोडी त्याहून सोयीची, कारण दोघांचे रेखांश जवळजवळ एकच आहेत. पुण्याच्या शून्य सावलीच्या दिवशी पणजीत मीटरभर काठीची सावली दक्षिणेकडे ५.३ सेंमी पडते. म्हणजे कोन ३.०३ अंश. दोन शहरांतले सरळ अंतर सुमारे ३३५ किमी. ३३५ ला ३६० ने गुणून ३.०३ ने भागले की सुमारे ३९,८०० किमी येतात. ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ ४०,००८ किमी आहे. सावली मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली तर उत्तरात साडेसातशे किमीचा फरक पडतो, म्हणून काठी दोन मीटरची घेणे बरे. पुण्यात थोडी सावली उरलीच, तर तिचाही कोन मोजावा : ती उत्तरेकडे असेल तर पणजीच्या कोनात मिळवावा, दक्षिणेकडे असेल तर वजा करावा. अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजावे. घाटरस्त्याचे किलोमीटर घातले तर पृथ्वी भलतीच फुगते.